वेताळाचं सोंग आणि दुसऱ्याचा पैसा

हल्ली महिन्यातून एखादा तरी फोन येतो. पलीकडे चोवीस-पंचवीस वर्षांचं कुणीतरी असतं. "सर, आम्ही एक रोल-प्लेइंग गेम करतोय. क्राउडफंडिंग करू की इन्व्हेस्टर बघू?" माझं डोकंच फिरतं. सर कसला डोंबलाचा! मी नाशिकच्या सातपूरला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. लोखंड कुठे किती कापायचं ते मशीनला सांगतो आणि संध्याकाळी डबा घेऊन घरी जातो. माझा गेम कधी बाजारात आलाच नाही. तरी कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी माझा नंबर टाकून ठेवलाय, दोन्ही करून बघितलेला माणूस म्हणून. तेवढं मात्र खरं आहे. दोन्ही केलं आणि दोन्हीकडे तोंडघशी पडलो. एकटा पडलो असतो तर एवढं लागलं नसतं.

गेम आम्ही दोघं करत होतो. कोड माझा, चित्रं माझ्या मित्राची. पॉलिटेक्निकला आम्ही एका खोलीत राहायचो. दुसऱ्या वर्षी त्याने मशीन ड्रॉइंगचा नाद सोडला आणि चित्रकलेकडे गेला. मी तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. आता तो हरसूलच्या बाजूला एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवतो. त्याचं गाव हरसूलहून आणखी पुढे डोंगरात आहे. भात, नागली, वरई पिकवायची आणि दिवाळी झाली की निम्म्या गावाने द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जायचं, असं तिथलं वर्ष.

त्या गावात बोहाडा होतो. माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात गावचे लोक देवांचे आणि राक्षसांचे मोठे मुखवटे बांधून संबळाच्या तालावर नाचतात. एकेक सोंग निघतं, गावातून फिरतं, परत जातं. यातली गोष्ट अशी की मुखवटा घराचा असतो. गणपतीचं सोंग या घराचं, रावणाचं त्या घराचं, आणि माझ्या मित्राच्या घराकडे वेताळाचं. त्या घराने बांधायचं, नाहीतर कुणीच बांधायचं नाही. आजारी असलं तर घरातलाच दुसरा उभा राहतो. शेजारी कितीही चांगला नाचत असला तरी त्याच्या तोंडावर वेताळ येत नाही.

गेमची कल्पना यातूनच निघाली. खेळणाऱ्याने परका माणूस म्हणून गावात यायचं. कुणाच्या शेतावर लावणीला जायचं, म्हातारीला पाणी आणून द्यायचं, बांधावरची भांडणं ऐकायची, त्यात बोलायचं की गप्प बसायचं ते ठरवायचं. एखाद्या घराचा तुमच्यावर जीव बसला की ते घर आपला मुखवटा तुम्हाला बांधतं आणि त्या सोंगाची ताकद तुमच्यात येते. मुखवटा विकत मिळत नाही, चोरता येत नाही, मारामारी करून जिंकता येत नाही. हा नियम मित्राचा. मी म्हणालो होतो, "अरे, लोक कंटाळतील." तो म्हणाला, "कंटाळू दे. ज्याला कंटाळा आला त्याला कशाला बांधायचं?"

वेताळ काढायच्या आधी तो वडिलांना विचारायला गेला. मलाही घेऊन गेला. त्याचे वडील बुटके, काटक, बोलायला कमी. ते वेताळ बांधून नाचतात तेव्हा हाच माणूस का, असं वाटतं. मी लॅपटॉप उघडून त्यांना डोंगर दाखवले, नदी दाखवली, त्यांचंच घर दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "काढ. गावालाबी इचारतो मी. पण एक हाय. खेळात बी कुणीबी उठून बांधील, तसं नको." मित्र म्हणाला, "नाय बा, तसं होणारच नाय." मीही मान हलवली. फार जोरात हलवली, हे आज आठवलं की लाज वाटते.

दोन वर्षं आम्ही रविवार आणि सुट्ट्या घालून तासाभराचा खेळ उभा केला. पुढचं सगळं करायचं तर नोकरीतून वेळ काढायला हवा, संगीत नीट करायला हवं, दुसऱ्या माणसांना कामाला लावायला हवं. त्याला पैसा लागतो. मी म्हणालो, क्राउडफंडिंग करू. एका साइटवर आपला गेम मांडायचा, एक आकडा लावायचा, लोकांनी थोडे थोडे घालायचे. ठरलेल्या दिवसांत आकडा गाठला तर पैसे आपल्याला, नाही गाठला तर ज्याचे त्याला परत. कुणाचं मिंधं राहायचं नाही. कुणी वर बसून "हे काढा, ते घाला" म्हणणार नाही. मला ते फार स्वच्छ वाटलं होतं.

पहिल्या आठवड्यात कुठकुठल्या परक्या लोकांनी घातले. एकाने लिहिलं की असा नियम असलेला गेम त्याने आजवर बघितला नाही. आम्ही हवेत! मग गाडी जी थांबली ती थांबलीच. मी सगळ्या नातेवाइकांना, कंपनीतल्या लोकांना, शाळेच्या ग्रुपला लिंक पाठवली. काय आलं? अंगठे. हात जोडलेले. "खूप खूप शुभेच्छा." एका मावसभावाने लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, देव जाणे कशाबद्दल. पैसा एकानेही घातला नाही. महिन्याभराने एका लग्नात मामांना विचारलं तर ते उखडले. "तू घरी आलास का? आलास का सांगायला? मोबाइलवर काहीतरी टाकतोस आणि आम्ही द्यायचे?" त्यांच्या पाकिटात माझ्यासाठी पैसे होते. त्यांनी तिथल्या तिथे काढून दाखवले. दारात मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणणारे ते नव्हतेच. मी दारात गेलो नव्हतो, एवढंच.

ते घोडं तिकडे अडलेलं असताना मित्राच्या गावाने आपलं काम करून ठेवलं होतं. त्याच्या वडिलांनी गावाला सांगितलं, पोरं बोहाड्याचा खेळ करतायत, त्याला पैसे लागतात. गावाला क्राउडफंडिंग समजावून सांगायची गरजच पडली नाही. बोहाडा दरवर्षी वर्गणीवरच होतो. त्यांनी बोहाड्याचं पावती पुस्तक काढलं आणि घरोघर फिरले. एका शनिवारी मित्र आणि त्याचे वडील एसटीने नाशिकला आले, सातपूरला उतरले, आणि माझ्या घरात बसून वडिलांनी पिशवीतून नोटांचं पुडकं काढून माझ्या हातात दिलं. बरोबर पावत्यांची स्थळप्रत. बेचाळीस घरं. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि नको नको म्हणत असताना पुन्हा चहा ठेवला.

आता ते पैसे साइटवर दिसायला हवे होते. बाहेरचे लोक आकडा बघूनच घालतात. रिकाम्या हॉटेलात कुणी जेवायला शिरत नाही, तसंच ते. पण रोख साइट घेत नाही. प्रत्येक देणाऱ्याला ईमेल हवा, कार्ड हवं. त्या बेचाळीस घरांत ईमेल कुणाकडे असणार! मित्र म्हणाला, "सगळे एकत्र तुझ्या नावावर टाक ना." मी म्हणालो, नाही. ज्याने दिलेत त्याचं नाव लागलं पाहिजे. पावती फाडलीय ना आपण? आणि मी रविवारी सकाळी बसलो. बेचाळीस ईमेल पत्ते तयार केले, बेचाळीस नावं भरली, आणि बेचाळीस वेळा माझंच कार्ड चालवलं. मित्र पावत्या वाचून दाखवत होता, मी भरत होतो. प्रत्येक नावाला तो त्या माणसाबद्दल काहीतरी सांगायचा. हा उत्तम संबळ वाजवतो. ही एकटीच असते. याला सगळे हसतात पण याच्याइतकी भाताची जाण कुणाला नाही. इतका आनंदाचा दिवस मला त्यानंतर आलेला नाही.

मंगळवारी साइटवाल्यांचा मेल आला. एकाच कार्डावरून बेचाळीस बनावट देणगीदार. फसवणुकीचा संशय. आमचं पान बंद, सगळे पैसे ज्याच्या त्याच्या कार्डावर परत. मी लांबलचक पत्र लिहिलं. पावत्यांचे फोटो जोडले. बोहाडा म्हणजे काय ते समजावलं. उत्तर आलं ते यंत्राने लिहिल्यासारखं, चार ओळींचं. त्यांची चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांच्या बाजूने बघितलं तर एका माणसाने खोटी माणसं उभी केली होती. त्यांच्याकडे गावाला दार नव्हतं. ज्याने लिहिलं होतं की असा गेम बघितला नाही, त्याने आता लिहिलं की आम्ही चोर आहोत. मी त्याला उत्तर दिलं नाही.

आम्ही वर्गणी परत करायला गावी गेलो. देवळापाशी माणसं जमली. मी सगळं सांगितलं, पुडकं पुढे केलं. कुणी हातच लावेना. एक म्हातारे बाबा हसायलाच लागले. "वर्गणी परत घेत्यात का कुठं? पावसानं बोहाडा मोडला म्हणून आम्ही पैसं मागितलं का कधी? फुडच्या वर्षी करा." मी म्हणालो, बाबा, हे पैसे एवढ्या कामाला पुरणार नाहीत. ते म्हणाले, "मंग आणखी कुठून तरी बघा. पण करा." विषय संपला. कुणी रागावलं असतं तर सुटलो असतो. त्यांनी विश्वास ठेवला आणि माझ्या मानेवर धोंडा बसला.

म्हणून इन्व्हेस्टर. पुण्याचा माणूस होता, आमच्याच वयाचा. फोनवरचे गेम काढणारी कंपनी विकून त्याच्याकडे पैसा आला होता. नाशिकला आला, गंगापूर रोडच्या एका हॉटेलात भेटलो. त्याला मी खलनायक करणार नाही, तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं! त्याने आमचा तासाभराचा खेळ तीनदा खेळला होता. खेळातल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीपाशी तो रडला, असं त्याने स्वतः सांगितलं. मग म्हणाला, "दीड वर्षाचे पैसे देतो. फक्त एक गोष्ट समजून घ्या. माझ्या पैशालाही कुणीतरी मालक आहे. काही चाललं नाही तर जे हातात राहील ते विकावं लागतं." मित्राने विचारलं, "म्हणजे काय विकायचं?" तो म्हणाला, "ती वेळ येऊच नये."

करार इंग्रजीत होता. मी वाचला. सगळा वाचला, दोनदा. त्यात लिहिलं होतं की गेममधली सगळी पात्रं, सगळे मुखवटे, त्यांची सगळी रूपं, आज असलेली आणि पुढे कुठल्याही माध्यमात होतील ती, कायमची कंपनीची. मूळ चित्रकारालाही त्यांच्यासारखी चित्रं इतर कुठल्या गेमसाठी किंवा प्रकाशनासाठी काढता येणार नाहीत. मला ते समजलं. मित्राने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "नेहमीचंच. सगळेच असं लिहून घेतात."

खोटं नव्हतं ते. सगळे खरंच तसंच लिहून घेतात. पण त्याने मला ते विचारलं नव्हतं. त्याला विचारायचं होतं की बा जे बोलला ते राहील ना. आणि मला तो प्रश्न ऐकायचा नव्हता, कारण मला गेम पुरा करायचा होता, गावाला तोंड दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर सातपूरच्या त्या मशीनपासून सुटायचं होतं. त्याने पेन घेतलं आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली. मला स्वतःची एवढी शिसारी दुसऱ्या कशानेच आलेली नाही.

त्याने शाळेतून बिनपगारी रजा घेतली, मी नोकरी सोडली. कॉलेज रोडला दोन खोल्या घेतल्या. चौदा महिने काम केलं आणि काम चांगलं झालं. इन्व्हेस्टर दर महिन्याला एकच गोष्ट सुचवायचा. मुखवटे थोडे आधी देता येतील का? सुरुवातीला एखादा दुकानात ठेवता येईल का, नुसता बघायला? मित्र दरवेळी नाही म्हणायचा, आणि इन्व्हेस्टर दरवेळी ऐकायचा. खरंच ऐकायचा. पंधराव्या महिन्यात व्हिडिओ कॉल आला. बाजार बसलाय, पुढचा पैसा उभा राहत नाही, मला थांबवावं लागतंय. त्याचा चेहरा उतरला होता. मित्र म्हणाला, "थोडंच राहिलंय हो." तो म्हणाला, "माहितेय मला." आम्ही खोल्या रिकाम्या केल्या. मी जुन्या वर्कशॉपच्या मालकासमोर जाऊन उभा राहिलो आणि तो भला माणूस काही न विचारता म्हणाला, सोमवारपासून ये.

त्यानंतर सात-आठ महिने गेले असतील. जेवणाच्या सुट्टीत आम्ही वर्कशॉपबाहेरच्या टपरीवर चहाला उभे होतो. शेजारच्या कंपनीतला एक ऑपरेटर फोनवर पत्त्यांचा गेम खेळत होता, पैसे लावून. प्रत्येक खेळणाऱ्याच्या नावापुढे एक तोंड. त्याच्या नावापुढे वेताळ होता. आमचा वेताळ. मित्राने मुखवटा बांधलेल्या वडिलांना समोर बसवून काढलेला, कपाळावरची भेग आणि डाव्या डोळ्याखालचा डाग तसाच. फक्त त्याला काळा गॉगल घातला होता आणि डाव जिंकला की तो डोळा मारायचा. मी विचारलं, "हे कुठून आलं?" तो म्हणाला, "घ्या ना तुम्हीपण, एकोणीस रुपयांना मिळतं. लय भारी आहे." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कुणीबी उठून बांधील, तसं नको. एकोणीस रुपये.

मी मित्राला सांगितलं नाही. कसं सांगणार होतो? पण त्या डोंगरातही फोन आहेत आणि बागांवर कामाला गेलेली माणसं संध्याकाळी पत्ते खेळतातच. फाल्गुनात मी हरसूलच्या बाजारात त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. तो बाजारात मिरची घेत होता, तीच निवडत राहिला. म्हणाला, "गाव काही बोललं नाय. बोलले असते तर बरं झालं असतं." मी म्हणालो, "आणि तुझे बाबा?" तो म्हणाला, "बा म्हणतो गुडघा दुखतो." त्या उन्हाळ्यात गावाचा बोहाडा झाला, सगळी सोंगं निघाली, वेताळ निघाला नाही. मित्राने उभं राहायचं होतं, घरातला दुसरा तोच. वडील नको म्हणाले. कुणाच्या आजोबांना आठवत नव्हतं की असं कधी झालं असेल.

मी एका वकिलाकडे गेलो, दुसऱ्याकडे गेलो. दोघांनी सही बघितली आणि कागद परत केले. इन्व्हेस्टरला फोन केला तर त्याने आधीच ते सगळं तिसऱ्याला विकलेलं होतं. त्याला गॉगलचं माहीतही नव्हतं. तो "अरे देवा" म्हणाला, आणि मला वाटतं मनापासून म्हणाला. त्याने काय होणार होतं?

म्हणून त्या फोन करणाऱ्या पोरांना मी काही सांगू शकत नाही. एकीकडे माणसांनी मनापासून दिलं आणि ते कुठे चालेना. दुसरीकडे चाललं, आणि घरचं होतं तेवढं घेऊन गेलं. तिसरा रस्ता मला ठाऊक नाही. असला तर तो माझ्यासारख्याला विचारू नये.

गेल्या आठवड्यात मित्राचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी. शाळेत स्नेहसंमेलन आहे, पोरांकडून कागदी मुखवटे करून घेतोय, म्हणाला. मला इतकं बरं वाटलं त्याचा आवाज ऐकून की मी भडाभडा बोलत सुटलो. लगदा कसला, रंग कुठले, किती पोरं. त्याने शांतपणे सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. पाचवीतल्या दोघा पोरांनी वेताळ काढलाय. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी बोहाड्यात बघितलेला. ते पोरांनी काढलेलं चालतं का? माझ्या वर्गात काढलाय म्हणून विचारतो. त्या कागदात पोरांचं काही लिहिलंय का?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. मी म्हणालो, "चालतं रे. पोरांना कोण विचारणार? खुशाल काढू दे."

मागे वर्गातला गोंगाट ऐकू येत होता.

"तसं नको," तो म्हणाला. "तू एकदा नीट वाच, आणि मग सांग. तोवर मी ते दोन बाजूला ठेवतो."